एसीतला गॅस दरवर्षी संपतो का?

प्रश्न : आमच्या सिडकोतल्या घरी दीड टनाचा एसी आहे, दर उन्हाळ्यात थंडावा जातो, मेकॅनिक म्हणतो गॅस संपला आणि भरून देतो. इतका गॅस लागतो का हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, हा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही, तोच बंद पाइपांत फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो, बाहेरच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रव होतो, मग कॅपिलरी नावाच्या बारीक नळीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना प्रेशर एकदम पडतं आणि आतल्या कॉइलमध्ये तो खोलीतली उष्णता ओढून चक्क उकळतो! आर-३२ हा एसीत वापरला जाणारा एक गॅस तर मोकळ्या हवेत उणे ५२ अंशांच्या आसपासच उकळतो. म्हणजे गॅस खरंच कमी झाला असेल तर कुठेतरी लीकेज आहेच, आणि ते न शोधता गॅस भरणं मला अजिबात पटत नाही.

आधी फिल्टर धुवा, धुळीने हवा अडली तरी थंडावा जातो. मग मेकॅनिकला पाइपांत नायट्रोजन भरून जॉइंटना साबणाचं पाणी लावून बघायला सांगा, बुडबुडे आले तिथे लीकेज. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करून, म्हणजे पाइपांतली हवा पंपाने ओढून काढून, गॅस काट्यावर वजन करूनच भरायचा, किती ग्रॅम ते युनिटच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. आर-३२ असेल तर जवळ ज्योत नको, तो पेट घेऊ शकतो.