गाडी दारातून जाईल त्या दिवसाचा हिशेब

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा तक्ता मिळाला. वडिलांची नऊ वर्षांची हॅचबॅक आता सांगलीच्या प्रत्येक फेरीला काही ना काही मागते, तेव्हा पुढची गाडी कोणती घ्यावी, असे तू विचारले आहेस. कंपनीच्या योजनेतून चार वर्षांच्या लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, मिळणारी मोठी एसयूव्ही, नवी सीएनजी गाडी, विजेवर चालणारी गाडी आणि तीन वर्षांची जुनी सेडान असे चार पर्याय तू मांडले आहेस, आणि किंमत, हप्ता, मायलेज, एअरबॅग, अगदी सनरूफलासुद्धा तक्त्यात रकाना दिला आहेस. तक्ता मन लावून केलेला आहे, तरी त्यात एक रकाना राहून गेला आहे. ही गाडी एके दिवशी तुझ्या दारातून जाईल, तेव्हा ती कशी जाईल आणि त्या दिवशी तुझ्या हातात काय उरेल, ते त्यात कुठेच नाही.

हा प्रश्न मला आधी सुचतो तो माझ्या धंद्यामुळे. लोक गाडीला शोरूममध्ये पाहतात, हार घालून आणि नारळ फोडून घरी आणतात. मोटार विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, म्हणून माझी तिच्याशी भेट व्हायची ती गॅरेजच्या मागच्या अंगणात, क्रेनवरून उतरवल्यावर. गाडी विकली जाते, परत केली जाते, चोरीला जाते किंवा टोटल लॉस होते, म्हणजे दुरुस्त करणे परवडत नाही, यापलीकडे तिच्या जाण्याला फारशा वाटा नाहीत. या प्रत्येक वाटेवर तुझे काय होईल, हे आज कागदावर मांडता येते, आणि ते मांडल्यावर तुझे चारही पर्याय आज गळतात, असे मला वाटते.

लीजपासून सुरुवात करतो, कारण तुझे मन तिकडे ओढले आहे. भाडे पगारातून कर लागण्याआधी वजा होते, त्यामुळे कराची बचत होते, हे खरे आहे. तुझ्या कंपनीच्या माणसाने सांगितलेला आकडा मी तपासला आणि तो बरोबर आहे. परंतु त्याच पत्रात, दोन पाने पुढे, वर्ष-दीड वर्षात नोकरी बदलण्याचा विचार असल्याचे तू लिहिले आहेस. चार वर्षांचा करार आणि दीड वर्षाची नोकरी यांचा मेळ कसा बसणार? राजीनामा दिल्यावर नव्या कंपनीने तोच करार पुढे चालवला तर ठीक. नाही तर उरलेली रक्कम भरून गाडी आपल्याकडे घ्यावी लागते, किंवा दंड भरून परत करावी लागते. तेव्हा मासिक भाड्याचा कागद बाजूला ठेव आणि मुदतीआधी करार मोडल्यास द्यायच्या रकमेचा कागद मागून घे. वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे, परत करताना ओरखडे आणि पोचे कोण मोजणार, मुदतीअखेर गाडी विकत घ्यायची झाल्यास कोणत्या किमतीला, हे सगळे करारात असते. ते तोंडी विचारू नये, वाचून घ्यावे. शिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर असली की दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत, जिला आपण एनसीबी म्हणतो, तीही तुझ्या खात्यावर जमत नाही. ज्याची नोकरी पक्की आहे आणि ज्याला दर चार वर्षांनी गाडी बदलायचीच आहे, त्याने लीज जरूर घ्यावी. तू आज त्यात बसत नाहीस.

आता कर्जाविषयी. तू सात वर्षांचे कर्ज धरले आहेस, कारण हप्ता लहान दिसतो. दहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण १६,०९० रुपये आणि एकूण व्याज साडेतीन लाख होते. पाच वर्षांसाठी हप्ता २०,७६० च्या आसपास जातो आणि व्याज अडीच लाखांच्या आत राहते. एवढा हिशेब कोणीही सांगेल. मी तुला २०१९ च्या ऑगस्टमधला सांगतो. सांगलीच्या पुरात बुडालेली एक गाडी माझ्याकडे तपासणीला आली, चार वर्षे पूर्ण झालेली. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, आणि ही तर छतापर्यंत पाण्यात होती. चार वर्षे उलटली की आयडीव्हीतून ५० टक्के घसारा वजा होतो. दहा लाखांच्या शोरूम किमतीवर पाच लाख रुपये मिळणार, आणि सात वर्षांच्या कर्जाची चार वर्षांनंतरची बाकी किती, तर पाच लाख सहा हजार! मालकाचे आकडे थोडे निराळे होते, पण ताळेबंद हाच: धनादेश बँकेत गेला, वर पदरचे काही भरावे लागले आणि दारात गाडी नाही. तेच कर्ज पाच वर्षांचे असते तर बाकी दोन लाख सदतीस हजारांच्या घरात असती आणि अडीच लाखांहून अधिक त्याच्या हातात पडले असते. म्हणून पाच वर्षांत जे फिटत नाही, ते घेऊ नये. पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे, म्हणजे बिलाची किंमत परत देणारे, पूरक संरक्षण घेतलेस, तर घसाऱ्याचा हा खड्डा बराच भरून निघतो.

पुराचा विषय निघालाच आहे, तर जुन्या सेडानकडे वळतो. या बाबतीत मी जरा लांबण लावणार आहे. जुनी गाडी घेणे वाईट नाही. पहिल्या तीन वर्षांचा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो, आणि पै-पैचा हिशेब करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला सौदा नाही. मात्र टोटल लॉस झालेल्या गाड्या नेहमी भंगारात जात नाहीत, ही गोष्ट बाजार तुला सांगणार नाही. त्या सॅल्व्हेज, म्हणजे मोडका माल, म्हणून विकल्या जातात, कोणीतरी त्या उभ्या करतो, आणि सहा महिन्यांनी त्या चकचकीत होऊन दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला येतात. २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ नंतर चिपळुणात ज्या गाड्या बुडाल्या, त्या सगळ्या कुठे गेल्या असतील, याचा विचार कर. पाहायला जाशील तेव्हा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पट्ट्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेषा असली, तर पुढे बोलणी करू नकोस. सीटखालचे स्क्रू, स्टेपनीचा खड्डा, पायपुसण्यांखालच्या गालिच्याची खालची बाजू पाहा. विक्रीपूर्वी तिथे कोणी पॉलिश करत नाही. दरवाज्याचे रबरी बीडिंग थोडे उचलले की कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे एकसारखे गोल ठसे दिसतात. एका बाजूला ते आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, तर तो पिलर, म्हणजे दाराचा खांब, कापून बसवलेला आहे. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग पान्याने उडालेला असला तर पुढची बाजू कधीतरी उघडली गेली आहे, आणि ती का उघडली होती, हे तुला कळले पाहिजे.

कागदांत बँकेचा बोजा उतरल्याचा नमुना ३५, आणि हस्तांतराचे नमुने २९ व ३० पूर्ण होईपर्यंत सगळे पैसे देऊ नयेत. एप्रिल २०२३ च्या आधी बनलेली गाडी असेल तर ती २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवली आहे का, हेही मॅन्युअलमध्ये पाहा. आणखी एक: २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या, जुनीचा भाव नवीच्या भावाला बांधलेला असतो, तरी विकणारा मात्र आपण मोजलेली जुनी किंमत मनात धरून बसलेला असतो. तू पाठवलेल्या सेडानचा भाव मला तसाच वाटतो. नव्या लहान गाडीपेक्षा ती जेमतेम दीड लाखाने कमी आहे, आणि तेवढ्यासाठी कोणाचा तरी अज्ञात इतिहास विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

इंधनाचा प्रश्न लोक उगाच धर्मासारखा मांडतात. तो त्रैराशिकाचा आहे. तू लिहिलेस त्याप्रमाणे ऑफिसची जा-ये २२ किलोमीटर, वर्षाला १८० दिवस, म्हणजे चार हजार. महिन्यातून एकदा सांगली, जाऊन-येऊन ४७०, म्हणजे साडेपाच हजारांच्या वर. इकडचे-तिकडचे धरून अकरा हजार. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि १५ चे मायलेज धरले तर किलोमीटरला ७ रुपये पडतात. सीएनजी ९० रुपये किलो आणि २२ चे मायलेज धरले तर ४ रुपये १० पैसे. सीएनजीसाठी तुझ्या तक्त्यात ९५ हजार जास्त आहेत. ते वसूल व्हायला सुमारे तेहेतीस हजार किलोमीटर, म्हणजे तुझ्या चालवण्याने तीन वर्षे लागतील, आणि तोवर डिकीत टाकी, पंपावर रांग आणि सांगलीच्या वाटेवरच्या खंबाटकी घाटात दमलेले इंजिन. तुझ्या आईची घडीची व्हीलचेअर त्या डिकीत बसणार नाही, हे तुझ्या लक्षात आले नसावे. डिझेलविषयी एवढेच, की बीएस-६ (धुराच्या कडक निकषांच्या) डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर हिंजवडीच्या गर्दीतल्या छोट्या फेऱ्यांनी तुंबतो. तुझ्यासाठी ते नव्हेच.

विजेच्या गाडीला मात्र मी असे झटकणार नाही. घरी चार्ज केली तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत चालते, जीएसटी ५ टक्केच आहे, आणि बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. पण 'घरी' या शब्दावर सगळे अडते. तू भाड्याच्या सदनिकेत राहतेस, पार्किंग मालकाच्या नावावर आहे, आणि सोसायटीच्या सभेत स्वतंत्र मीटरची परवानगी तू मागायची की मालकाने, हेच ठरलेले नाही. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ४० युनिटची बॅटरी भरायला बारा-चौदा तास लागतात. तो सॉकेट रोज रात्री तुझ्या हक्काचा नसेल, तर रस्त्यावरच्या महाग चार्जरवर विसंबून राहावे लागेल आणि बचत निम्म्यावर येईल. बॅटरी भाड्याने घेण्याची योजनाही आता आहे. २०२४ च्या सप्टेंबरात एमजी विंडसर ९.९९ लाखांना आणि वर बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये, अशी बाजारात आली. हे साडेतीन आणि विजेचे पावणेदोन मिळवले की बेरीज सव्वापाच होते, म्हणजे तुझ्या हिशेबात सीएनजीपेक्षाही जास्त! स्वतःचे घर आणि स्वतःचे पार्किंग झाले की हा विषय पुन्हा काढू.

सुरक्षिततेबद्दल मी घासाघीस ऐकून घेत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. तिचा कारभार तुझ्याच पुण्यातली केंद्रीय रस्ते परिवहन संस्था पाहते. समोरची टक्कर ताशी ६४ किलोमीटर वेगाने आणि गाडीच्या समोरच्या एका बाजूवरच घेतात, कारण खरे अपघात बहुधा तसेच होतात. जाहिरातीतले तारे पाहू नकोस. अहवाल उघड आणि प्रौढांचे ३२ पैकी, मुलांचे ४९ पैकी किती गुण आहेत, ते वाच. मागच्या सीटवर तिघांनाही तीन बिंदूंचे पट्टे आहेत का, ते पाहा आणि ते लावायला लाव. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी उत्तम होती, ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडीचे पैसे मी मोजून देऊ शकत होतो. त्यापलीकडचा पंचनामा लिहिताना हात जड व्हायचा.

तेव्हा माझे मत असे: तुझ्या चार पर्यायांऐवजी चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची नवी पेट्रोल गाडी, पाच वर्षांचे कर्ज, तुझ्या नावावर. लांबी चार मीटरच्या आत असूनही इंजिन १२०० च्या वर गेले की पेट्रोल गाडी ४० टक्के जीएसटीत जाते, एवढे लक्षात ठेव. अशी गाडी पाच-सहा वर्षांनी गिऱ्हाईक न शोधता विकली जाते, नोकरी बदललीस तरी तुझ्याबरोबर येते, आणि बुडाली तरी तुला कर्जात बुडवत नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहिली की पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत ते नुकसान बसत नाही, हे लोकांना समजावताना माझे कित्येक पावसाळे गेले.

पसंती पक्की करण्याआधी आई-वडिलांना ट्रायलला घेऊन जा. आईला मागच्या सीटवर स्वतःहून बसू दे आणि उतरू दे, मध्ये हात देऊ नकोस. व्हीलचेअर डिकीत ठेवून झाकण लावून बघ. डिलिव्हरीपूर्वी नमुना २२ या कंपनीच्या प्रमाणपत्रावर गाडी बनल्याचा महिना वाच; जानेवारीत मिळणारी गाडी मागल्या वर्षीची असेल तर त्या मानाने किंमत उतरवून घे, कारण विकताना पुढचा माणूस तेच वर्ष मोजणार आहे.

जुन्या हॅचबॅकचा विमा वडिलांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांची एनसीबी तुझ्या नव्या गाडीला लागणार नाही. तरीही ती विकल्यावर विमा कंपनीकडून तसे पत्र त्यांच्या नावाने घेऊन ठेव. ते तीन वर्षे चालते. आणि विकत घेणाऱ्याच्या नावावर आरसी झाल्याची प्रत हाती येईपर्यंत वडिलांना स्वस्थ बसू देऊ नकोस, कारण नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

ट्रायल कधी आहे ते कळव. मी त्या आठवड्यात पुण्यात असलो तर येईन.

तुझा,
काका