वैजयंतीमालांनी सिनेमा कधी सोडला आणि नंतर काय केलं?

सिनेमा सोडला तो १९७० च्या आसपास, पण करिअर संपलं असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण नाच त्यांनी कधी सोडलाच नाही. १९४९ ला तमिळ सिनेमातून सुरुवात, १९५१ ला हिंदीत, मग 'नागिन', 'देवदास', 'मधुमती', 'संगम' वगैरे सगळ्यांना माहीतच आहे. 'देवदास'साठी मिळालेलं सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर त्यांनी घेतलं नाही, त्यांनी केलेली चंद्रमुखी ही नायिका पारोच्या बरोबरीचीच आहे म्हणून! त्या काळात एवढं ठामपणे नाही म्हणायला केवढी हिंमत लागली असेल.

लग्नानंतर पूर्ण लक्ष भरतनाट्यमकडे, मध्ये १९८४ ला मद्रासमधून लोकसभेवर पण निवडून आल्या. १९८२ ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला तो नाचासाठी, आणि २०२४ ला पद्मविभूषण.

माझी मुलगी इथे फोंड्यात भरतनाट्यम शिकते, अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायची स्थिती) दोन मिनिटं बसली की गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करते. तिला मी वैजयंतीमालांच्या नाचाचा २०२४ चा अयोध्येतला व्हिडिओ मोबाईलवर दाखवला, वय ९० आणि हात, बोटं, नजर सगळं एकदम बरोबर जागी. तिने तीनदा बघितला नि काही न बोलता घुंगरू बांधायला गेली. तुम्ही 'ज्वेल थीफ'मधलं 'होठों में ऐसी बात' आधी बघा आणि लगेच हा व्हिडिओ लावा, मध्ये ५७ वर्षं गेलीत हे लक्षात ठेवून.