मागच्या टोकावरचा आकडा आधी वाचा

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या दुकानात एक फाउंटन पेन मिळालं. मूळचं काळं असावं, आता शेवाळी-तपकिरी दिसतं. बाजूला लिव्हर आहे, पण ती हलत नाही. नळीवरच्या पुसट अक्षरांत ‘आयडियल’ आणि ‘१८८४’ एवढंच वाचता येतं. पेन १८८४ सालचं आहे का? निब सोन्याची आहे का?

उत्तर : लिव्हरला हात लावू नका. आतली शाईची रबरी पिशवी वाळून कडक झालेली असणार. जोर केला तर लिव्हर वाकेल, नाहीतर तिच्या खाचेपाशी नळी तडकेल.

‘आयडियल’ हे वॉटरमन कंपनीच्या पेनांचं नाव आणि १८८४ हे तिच्या पेटंटचं वर्ष. ते पुढे कित्येक वर्षं पेनांवर छापलं जात होतं, त्यामुळे त्यावरून पेनचं वय काढता येत नाही. टॉर्च आडवा धरून, भिंगातून नळीचं मागचं टोक पाहा. तिथे ५२ दिसलं, तर ५ म्हणजे लिव्हरने शाई भरणारं आणि २ हा निबचा आकार. १२ असेल तर ड्रॉपरने भरायचं, ४२ असेल तर निब आत सरकणारं ‘सेफ्टी’. पुढे ४ लागून ४५२ झालं, तर वर स्टर्लिंग चांदीचं वेष्टण हवं. लिव्हरच्या पेनांना ही पन्नाशीतली मालिका १९१७पासून मिळाली. त्याआधी त्याच पेनवर १२ पीएसएफ असं असायचं. म्हणजे ५२ वाचता आलं, तर पेन १९१७च्या अलीकडचं.

रंगाचं म्हणाल तर हे एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर आहे. अंगठ्याने जोरात घासून लगेच वास घ्या, गंधकाचा येईल. उजेडाने आणि दमट हवेने ते तपकिरी पडतं. टोपण काढून पाहा : टोपणाखाली झाकलेला भाग काळाभोर आणि उघडा भाग तपकिरी असेल, तर टोपण आणि नळी बहुधा पहिल्यापासून एकत्र आहेत. पॉलिश मात्र करू नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. पाण्यात भिजत ठेवणं तर त्याहून वाईट, रंग आणखी उडतो.

निबवर कंपनीचं नाव आणि २ असेल तर ती बहुधा मूळची. नुसतं ‘वॉरंटेड १४के’ असेल तर निब बदललेली दिसते, पण सोन्याचीच. ५८५ हा आकडाही १४ कॅरेटचाच. ‘प्लेटेड’ किंवा ‘जीपी’ म्हणजे फक्त मुलामा. लोहचुंबकाला निब चिकटली तर सोन्याची नाही, हे पक्कं. न चिकटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण स्टेनलेसचे काही प्रकारही चिकटत नाहीत. टोकाच्या दोन्ही पाकळ्यांवर कठीण धातूचा मणी शाबूत आहे ना, ते भिंगातून पाहा. तो झिजला असेल, तर पेन लिहायला जवळजवळ निरुपयोगी.

पिशवी बदलायची असेल, तर निब ज्यात बसते तो पुढचा भाग नळीत नुसता घट्ट बसवलेला असतो. कोरड्या गरम हवेने सांधा ऊबदार करा, हाताला सोसेल इतकाच, आणि हलकेच पिळत ओढा. जुन्या पिशवीचे तुकडे खरवडून काढा. नव्या पिशवीचा क्रमांक म्हणजे तिचा व्यास इंचाच्या ६४व्या भागांत : १६ नंबर म्हणजे १६/६४ इंच. ती शेलॅकने, म्हणजे लाखेच्या गोंदाने चिकटवा. झटपट गोंद वापरलात, तर पुढच्या वेळी ती सुटी करताना पेन मोडेल. लांबी नळीच्या आतल्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवा, नाहीतर बसवताना दुमडते.

प्रश्न : माझ्या पार्करची निब झाकलेली आहे, फक्त टोक बाहेर दिसतं. हे पार्करचं ‘५१’ मॉडेल की नक्कल?

उत्तर : ५१ बाजारात आलं १९४१ साली, आणि या धाटणीची पेनं हिरो कंपनीनेही बनवली, त्यामुळे टोपण आणि नळीवरचं नाव आधी वाचा. मग नळी उघडा. आत धातूचं आवरण आणि त्यावर दाबायची पट्टी असेल, तर ती १९४८ची किंवा नंतरची भरण्याची पद्धत. त्याऐवजी मागचं छोटं टोपण फिरून निघत असेल आणि खाली दाबायची दांडी दिसत असेल, तर ते आधीचं व्हॅक्युमॅटिक. त्यातला रबरी पडदा बहुतेक वेळा गेलेला असतो, तो बदलल्याशिवाय शाई भरू नका. पट्टीवाल्याची पिशवी मात्र प्लास्टिकची, ती बहुधा अजून चालते. साध्या थंड पाण्याने पाच-सहा वेळा भरून रिकामं करा. रंगीत पाणी येत राहिलं तर रात्रभर निबकडचं टोक पाण्यात बुडवून ठेवा. हे ॲक्रिलिक आहे, एबोनाइटसारखी भीती नाही.