पोटरी फडफडते, ईएमजी करू का?

प्रश्न : दोन महिन्यांपासून पोटरी आणि पापणी फडफडते. नेटवर वाचून स्नायूंची ताकद घालवणाऱ्या गंभीर आजाराची धास्ती बसली आहे. ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) करून घ्यावी का?

उत्तर : आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, ईएमजी लागेल की नाही, ते हातापायांची ताकद आणि रिफ्लेक्स (हातोडीने हलकं ठोकल्यावर बसणारा झटका) तपासून ठरवतील. ताकद शाबूत असताना नुसती फडफड बहुधा निरुपद्रवी असते. जागरण, कॉफी आणि खुद्द काळजीनेही ती वाढते. मात्र पाऊल अडखळणं, बटण लावता न येणं, बोलणं जड होणं यांपैकी काही असेल तर थांबू नका.

ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालतात, थोडं दुखतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा, त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम लावू नका. आणि दिवसातून दहादा टाचांवर चालून ताकद आजमावणं सोडा; दमलेला स्नायू जास्तच फडफडतो.