काळ्या गाडीवर उन्हाळ्यात पांढरे डाग राहतात, शाम्पू बदलावा का?

शाम्पू बदलू नका, कारण त्याचा या डागांशी काडीचाही संबंध नाही. तुमची गाडी काळी आहे, दर्यापूरला घरासमोर उघड्यावर उभी असते, दुपारी बोअरच्या पाण्याने धुतली की पुसायच्या आधीच वाळते आणि बॉनेटवर व टपावर गोल पांढरे डाग उरतात, असे तुम्ही लिहिले आहे. दुखण्याचे कारण यातच आले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात बोअरचे पाणी किती खारे असते, हे दर्यापूरकरांना मी सांगायला नको. वैशाखात तापलेल्या पत्र्यावर ते पडले की पाणी उडून जाते आणि क्षार जागच्या जागी राहतात. कूलरच्या गवतावर जो पांढरा थर धरतो, तोच तुमच्या बॉनेटवर धरतो आहे.

मी अकोल्यात लोकांच्या दारी जाऊन गाड्यांचे डिटेलिंग, म्हणजे बारकाईने सफाई आणि चकाकीचे काम करतो, आणि नेमक्या याच डागांवरून माझ्यावर भर गल्लीत आळ आलेला असल्यामुळे हे उत्तर लिहिल्यावाचून मला राहवत नाही. एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या काळ्या सेडानचे मी चैत्रात पूर्ण काम केले होते. पहाटेपासून शेडनेटखाली धुणे, क्ले (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी माती), हलके पॉलिश आणि शेवटी सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप, असे सगळे रीतसर केले होते आणि गाडी ताब्यात घेताना काका स्वतः खूष होते. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास त्यांचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा शेजारची मंडळी जमलेली होती आणि काका त्यांना सांगत होते, "याच्या केमिकलनं रंग खाल्ला माझ्या गाडीचा."

मी वाद न घालता आधी बॉनेट पाहिले. डाग थेंबाच्या आकाराचे होते, प्रत्येकाची कड जाड आणि मधला भाग विरळ. टपावर आणि डिकीवरही तसेच होते, पण चारही दारे स्वच्छ होती. सीलंट तर मी दारांनाही लावले होते. केमिकलने रंग खाल्ला असता तर दारे कशी वाचली? आडव्या पत्र्यावर पाणी थेंब धरून उभे राहते आणि तिथेच आटते, उभ्या दारावरून ते ओघळून जाते, एवढाच तो फरक होता. सीलंट लावलेल्या पत्र्यावर थेंब अधिक उठून राहतात हेही खरे आहे, आणि म्हणूनच काम झाल्यावर गाडी वाळण्यासाठी तशीच सोडायची नाही, हे मी त्यांना बजावून सांगितले होते.

मग पाण्याचा शोध घेतला. पायरीशेजारी एक निळा ड्रम होता आणि स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरची टाकाऊ पाण्याची नळी त्यात सोडलेली होती. काकू ते पाणी साठवत आणि ड्रायव्हर दुपारी जेवणानंतर त्यानेच गाडी धुवी. पाणी वाया जाऊ नये या भावनेबद्दल मला आदरच आहे, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात नळाची वाट पाहावी लागते. परंतु आरओ करतो काय, याचा विचार कोणी करत नाही. तो क्षार नाहीसे करत नाही, पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून टाकाऊ पाण्यात ढकलतो, म्हणजे नळीतून येणारे पाणी मूळ बोअरपेक्षाही खारट असते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने विद्राव्य क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत सवलत दिली आहे. ड्रममधल्या पाण्यात मी क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तेव्हा आकडा त्या सवलतीच्याही बराच पुढे गेला.

त्यानंतर मी सगळ्यांसमोर गाडीच्या काचेवर एक थेंब ड्रममधला आणि शेजारी एक थेंब आरओच्या पिण्याच्या पाण्याचा ठेवला. उन्हात दोन्ही बघता बघता वाळले. पहिल्याच्या जागी बॉनेटवर होते तसेच पांढरे कडे उरले, दुसऱ्याच्या जागी शोधूनही काही सापडेना. काचेला मी कोणतेही केमिकल लावलेले नव्हते. यावर काका म्हणाले, "फरशी रोज याच पाण्यानं पुसतो, तिला काही होत नाही." फरशी सावलीत असते, ती पुसली जाते आणि तिच्यावर रंग नसतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर सुमारे ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो, आणि चकाकी सगळी त्याचीच असते. हे मी त्यांना समजावले, पण त्यांनी ते मानले नाही. पुढे दुसरीकडे भर दुपारी उघड्यावर कंपाऊंड, म्हणजे रंग घासणारी खरखरीत पेस्ट लावून पॉलिशचे मशीन मारून घेतले, त्यात बॉनेटच्या कडेचा थर उडून खालचा फिका रंग वर आला, आणि तोही दोष माझ्याच खात्यावर मांडला गेला. तापलेल्या पत्र्यावर कंपाऊंड लगेच सुकते, पॅड कोरडा घासतो आणि कडेला थर आधीच विरळ असतो, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायलाच हवे.

तुमच्या गाडीपुरते सांगायचे तर धुणे सूर्य वर येण्याआधी उरका. संध्याकाळ मला पसंत नाही, कारण ऊन उतरले तरी पत्रा बराच वेळ तापलेला असतो. हाताची पालथी बाजू बॉनेटवर सुखाने टेकवता येत नसेल तर पाणी घालूच नका, आणि गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेट व ब्रेकच्या डिस्क गार होऊ द्या. आधी काळ्या मातीची धूळ पाण्याने ढिली करून उतरवा, मग टपापासून खाली एकेक भाग शाम्पूने धुऊन, खळखळून, लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या. बोअरशिवाय इलाज नसेल तर धुणे बोअरच्या पाण्याने करा, पण शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवा. हाताने दाब भरायच्या फवारणी पंपाने मारले तर पाच लिटर पाणी त्याला पुरते. शेतातला औषध फवारलेला पंप मात्र यासाठी कधीही वापरू नका.

आत्ता असलेल्या डागांपैकी साधे मीठ गोड्या पाण्याने निघून जाईल. कॅल्शियमचे डाग त्याने निघत नाहीत. त्यांच्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि आरओचे पिण्याचे पाणी समप्रमाणात घेऊन त्यात मायक्रोफायबरचे फडके भिजवा, ते गार पत्र्यावर मिनिटभर ठेवून पुसा आणि लगेच शाम्पूने धुऊन टाका. त्यानंतरही बोटाला न लागणारी कडी दिसत राहिली, तर डाग पारदर्शक थरात उतरला आहे असे समजा आणि तेवढ्या भागाचे पॉलिश सावलीत करून घ्या. व्हिनेगरमुळे वरचे वॅक्स कमी होते, ते पुन्हा लावावे लागेल. मॅट रंगाच्या गाडीला यातले व्हिनेगर किंवा पॉलिश काहीच लावू नका. काचेला खडा लागून टवका उडालेला असेल तर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तडा वाढू शकतो. कडुलिंबाच्या झाडाखाली गाडी लावून धुवावी असे कोणी सांगेल, पण या दिवसांत फुलोरा गळतो आणि वरून पाखरांची शिट पडते, त्यामुळे चार बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी मला अधिक बरी वाटते.

टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो घ्या. बोअरचे पाणी आणि नळाचे पाणी दोन्ही मोजून आकडे इथे कळवले, तर शेवटच्या पाण्याला नळाचे चालेल की आरओचेच लागेल, हे मी नक्की सांगू शकेन.