वाचकांचे प्रश्न: समोरच्या पलटणीतला माणूस शोधायचाय

प्रश्न: आमचे अप्पा जंगी पलटणीत होते, म्हणजे फर्स्ट मराठा. १९७१ ला जमालपूरच्या (आजच्या बांगलादेशातल्या) लढाईत होते. घरी कधी फारसं बोलले नाहीत, पण आता अठ्ठ्याहत्तरीला आलेत आणि परवा जेवताना अचानक म्हणाले की पाकिस्तानच्या बलुच पलटणीचा एक जखमी जवान माझ्याजवळ पडला होता, त्याला पाणी पाजत बसलो, सकाळी त्याला घेऊन गेले, तो जगला का ते कळलं पाहिजे. त्याचं नाव आणि चकवाल जिल्हा एवढंच त्यांना आठवतं. धाकटा भाऊ म्हणतो पहलगाम झाल्यावर असलं काही काढूच नका, गावात लोक काय म्हणतील. मला वाटतं शोधावं. काय करू? आणि असं कधी कुणाचं झालंय का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: दादा, शोधा. आणि लवकर शोधा, कारण १९७१ ला वीस-बावीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे, दोन्हीकडे.

अप्पांना कुणाला मिठी मारायची नाहीये, दोस्तीचं भाषण करायचं नाहीये, त्यांना फक्त एक गोष्ट कळून घ्यायचीय, तो जगला का. अशा बहुतेक भेटींच्या मुळाशी मला हेच दिसतं. लढाईतला अर्धा भाग एकाला ठाऊक असतो आणि उरलेला समोरच्याला, आणि पन्नास वर्षं दोघं आपापला अर्धा घेऊन बसलेले असतात.

जमालपूरचं तर बघा ना. जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन बसली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता अडवला, तेव्हा कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. शहरात पाकिस्तानची ३१ बलुच पलटण होती. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी बलुच पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर उत्तर आलं ते एका गोळीसकट, कागदात गुंडाळून, आणि वर लिहिलं होतं की पुढच्या वेळी लेखणी सोडून हातात स्टेनगन घेऊन या. मग १० डिसेंबरच्या रात्री ते फोडून बाहेर पडायला निघाले ते थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर, आणि त्यांची खूप माणसं पडली. ११ तारखेला सकाळी उरलेल्यांनी शरणागती दिली. तुमचे अप्पा त्या रात्री तिथे होते म्हणजे त्यांनी काय बघितलं असेल याचा आपण घरात बसून अंदाजच करायचा, आणि त्यातून त्यांना आज आठवतोय तो पाणी मागणारा एक माणूस.

आता असं कधी झालंय का, तर झालंय, आणि एक उदाहरण तर असं की वाचताना घसा दाटतो. १९ सप्टेंबर १९६५, युद्ध संपायला आलेलं. गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता एका छोट्या बीचक्राफ्ट विमानातून कच्छच्या सीमेकडे निघाले होते, पायलट होते जहांगीर इंजिनिअर. पाकिस्तानी हवाई दलाच्या सेबर विमानातल्या कैस हुसेन नावाच्या तरुण पायलटने हे विमान बघितलं, कंट्रोलला सांगितलं की हे साधं विमान दिसतंय, वरून हुकूम आला पाडा, आणि त्याने पाडलं. खालच्या विमानाने पंख हलवून खूण केली होती. आतले आठही जण गेले. ४६ वर्षांनी, २०११ मध्ये, कैस हुसेन यांनी इंजिनिअर यांच्या मुलीला ईमेल लिहिला. त्यात नुसतं सॉरी नव्हतं, त्या दिवशी कुठून उडालो, काय दिसलं, काय बोलणं झालं, गोळी कधी झाडली, असं सगळं क्रमाने लिहिलं होतं, आणि मग दुःख व्यक्त केलं. आणि त्या मुलीने उत्तर दिलं, अगदी मोठ्या मनाने, की लिहायला धैर्य लागतं आणि आमच्या घराने कडवटपणा ठेवला नाही. मला वाटतं ते उत्तर आलं कारण पत्रात तपशील होता. वडिलांचे शेवटचे क्षण कसे गेले हे तिला सांगू शकेल असा जगात तो एकच माणूस उरला होता.

आता कामाचं बोलतो.

एक तर अप्पांना जे आठवतं ते सगळं आधी त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. हातात कागद-पेन घेऊन समोर बसू नका, फोन बाजूला चालू ठेवा आणि त्यांना बोलू द्या, मधे "तारीख किती होती" असं टोकू नका, तारखा नंतर जुळवता येतात. जखम कुठे होती, त्याने घरच्यांबद्दल काय सांगितलं, कुठली कंपनी म्हणाला, असल्या बारक्या गोष्टींवरूनच माणूस सापडतो. चकवालकडे फौजेत जाणारी घरं आपल्या साताऱ्यासारखीच गावोगाव आहेत, त्यामुळे नुसत्या नावाने काही होणार नाही.

दुसरं, बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला आणि रेजिमेंटल सेंटरला अप्पांचा आर्मी नंबर घालून साधं पत्र लिहा, आणि तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन हे कानावर घाला. परवानगी मागायची म्हणून नाही, सगळं उघड असावं म्हणून. घरातलं कुणी सध्या सेवेत असेल तर त्याला यात अजिबात ओढू नका, सेवेतल्या माणसावर अशा संपर्काची बंधनं कडक असतात, आणि ती योग्यच आहेत. आणि तिकडून एखादा फोन आला, गोड बोलून आजच्या पलटणीबद्दल, छावणीबद्दल विचारायला लागला, तर लगेच बंद. अप्पांचा विषय १९७१ चा आहे, त्याच्या बाहेर एक शब्द नको.

तिसरं, त्या जवानाचं नाव आणि गाव फेसबुकवर टाकून "शेअर करा" असं करू नका. त्याच्या घरच्यांना तिकडे त्याचा काय त्रास होईल हे आपल्याला इथून कळत नाही. त्यापेक्षा दोन्हीकडच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या ओळखी असतात, परदेशात स्थायिक झालेल्या मुलांमधून, त्या वाटेने निरोप गेलेला बरा. एप्रिल २०२५ पासून अटारी बंद, व्हिसा बंद, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीचा विचार आत्ता सोडूनच द्या. निरोप पोचला तरी खूप झालं.

आणि एक वाट लोकांच्या डोक्यात येत नाही, बांगलादेशची. जमालपूरला त्या लढाईतले मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले लोक आहेत, कोलकात्याला ईस्टर्न कमांडच्या विजय दिवसाला दरवर्षी मुक्तिजोद्धे येत आलेत. जखमींना सकाळी कुठे नेलं हे त्यांच्यापैकी कुणाला तरी ठाऊक असू शकतं.

धाकट्या भावाला मी चुकीचं म्हणणार नाही. पहलगामला जे झालं त्याचा राग यायलाच हवा, मलाही येतो. पण जखमी कैद्याला पाणी पाजणं ही फौजेची शिस्त आहे आणि तो जगला का हे विचारणं त्याच शिस्तीतलं आहे. गावात कुणी काही बोललं तर अप्पांना बोलू द्या, जमालपूरला लढलेल्या माणसासमोर कुणाचा आवाज चढतो ते बघूच.

प्रश्न: अरुण खेत्रपाल यांच्या वडिलांना पाकिस्तानात त्यांच्या मुलाला मारणारा अधिकारी भेटला असा व्हॉट्सॲप मेसेज फिरतो. खरं आहे का हे? खूप फिल्मी वाटतं.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: खरं आहे. अरुण आपल्या पुण्यात जन्मलेला, १९५० चा, खडकवासल्याच्या एनडीएचा, आणि रेजिमेंटही पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत जरपालजवळ, फामागुस्ता नावाच्या सेंच्युरियन रणगाड्यात, २१ व्या वर्षी गेला. रणगाडा पेटला होता, मागे ये असा हुकूम होता, पण तोफ चालतेय म्हणून तो थांबला. मरणोत्तर परमवीर चक्र.

वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल मूळचे सरगोध्याचे. २००१ मध्ये ८१ व्या वर्षी ते जन्मगाव बघायला गेले आणि लाहोरला ज्यांच्याकडे उतरले ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. यजमान जरुरीपेक्षा जास्तच सेवा करताहेत असं त्यांना वाटत होतं, आणि निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं की त्या दिवशी पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटकडून समोर मीच होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला.

मेसेजमध्ये पुढे जे लांबलचक संवाद असतात ते मला पटत नाहीत, दोघंच होते तिथे, कुणी लिहून घेत नव्हतं. मला विचार करावासा वाटतो तो नासेर यांचा. गप्प राहणं किती सोपं होतं, पाहुणा दुसऱ्या दिवशी परत जाणारच होता. तरी त्यांनी सांगितलं, आणि मुलगा किती शूर होता हेही सांगितलं, आणि बापाला हे शत्रूच्या तोंडून ऐकायला मिळालं. प्रशस्तिपत्रात तेच लिहिलेलं असतं, पण समोर तोफ धरून उभा असलेला माणूस सांगतो त्याचं वजन वेगळंच.

याच लढाईतली अजून एक गोष्ट मेसेजवाले विसरतात. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सने हल्ला केला, त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा स्वतः पुढे होते आणि तिथेच पडले. समोरच्या आपल्या ३ ग्रेनेडियर्स पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल व्ही. पी. एअरी यांनी त्यांच्या शौर्याबद्दल लिहून दिलं आणि पाकिस्तानने राजांना हिलाल-ए-जुर्रत हे शौर्यपदक दिलं. म्हणजे इथे तर दशकं जायची वाटही बघितली नाही.

प्रश्न: माझा भाऊ ७१ ला गेला. अशा भेटीगाठींच्या बातम्या आल्या की सगळे माझ्याकडे बघतात, जणू मीही आता माफ केलं पाहिजे. मला नाही करायचं माफ. मी वाईट आहे का? पण तो नक्की कुठे पडला हे मला कुणी कधीच सांगितलं नाही, तेवढं कळलं तर बरं वाटेल.
– एक बहीण, नाशिक

उत्तर: ताई, अजिबात वाईट नाही. माफी कुणी मागून मिळत नसते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेने तर नाहीच. दुसऱ्या महायुद्धातला एरिक लोमॅक्स नावाचा ब्रिटिश अधिकारी, थायलंडमध्ये कैद्यांकडून बांधून घेतलेल्या रेल्वेवर जपान्यांचा कैदी होता, भयंकर छळ झाला त्याचा, आणि छळ चालू असताना दुभाषा होता ताकाशी नागासे. लोमॅक्स त्या दुभाष्याचा पन्नास वर्षं द्वेष करत राहिला. पहिलं पत्र त्याने नाही लिहिलं, त्याच्या बायकोने लिहिलं, आणि दोघं १९९३ ला क्वाय नदीच्या पुलाजवळ भेटले ते नागासेने आधी स्वतःचं सगळं कबूल केल्यानंतर. तुमच्यासमोर तर कुणी कबुली द्यायलाही आलेलं नाही. मग घाई कसली?

पण भाऊ कुठे पडला हे कळायला कुणाला माफ करावं लागत नाही. त्याचा आर्मी नंबर जुन्या तारेवर किंवा आईच्या फॅमिली पेन्शनच्या कागदावर असेल, तो घेऊन त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, त्याच्या कंपनीतले कोण हयात आहेत ते विचारा, आणि पलटणीचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस, कधी असतो तेही. त्या दिवशी जुने लोक जमतात, तिथे भावाचा फोटो घेऊन जा, युनिफॉर्ममधला.