काल्पनिक देशातलं मोठं बंदर शहर नकाशावर नेमकं कुठे ठेवावं?

तुम्ही विचारलंय की कादंबरीतल्या देशाचं मुख्य बंदर थेट मोकळ्या समुद्रावर दाखवलं तर चालेल का. माझ्या मते नको, ते खाडीच्या तोंडाशी थोडं आत ठेवा. आमच्याकडे कोकणात दाभोळ बघा ना, वाशिष्ठी नदीच्या मुखावर, लाटांचा मार बसत नाही आणि भरतीच्या पाण्यावर पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, आत पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायचे, तिथून माल बैलांवर लादून कुंभार्ली घाटाने वर देशावर, म्हणजे घाटापलीकडच्या पठारावर. म्हणजे बंदर मोठं होतं ते मागच्या घाटवाटेमुळे, ती वाट आधी आखा आणि मग शहर.

दाभोळच्या जेटीवर ओहोटीला एकदा उभं राहून बघा, उतारावर गुडघाभर काळा चिखल, होड्या आडव्या कलंडलेल्या, आणि बाजूलाच १७व्या शतकातली भलीमोठी घुमटाची मशीद, आजूबाजूला मात्र छोटंसं गाव. एवढी मशीद बांधणारं शहर केवढं असेल याचा अंदाज तिथेच येतो. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं तरी पुन्हा उभं राहिलं होतं.

आणि गाळ विसरू नका प्लीज!! राजापूरच्या खाडीत गाळ भरत गेला आणि मोठी गलबतं आत यायची बंद झाली. तुमच्या शहरात गाळ काढणारे लोक, त्यावरून भांडणं, हे सगळं येऊ द्या. पावसाळा पण हवाच, चार महिने होड्या शाकारून किनाऱ्यावर आणि बाजार सुस्त, मग नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की परत गजबज.

नकाशा झाला की इथे टाका, मला खरंच बघायचाय.